कोरी पाठ

ओरिन सॅटर्ली यांचं पत्र आलं तेव्हा गस प्रूइट माझ्या टेबलाच्या कडेवर बसून उकडलेलं अंडं सोलत होता आणि टरफलं माझ्या नकाशावर टाकत होता. एकोणीसशे एकोणऐंशीचा मार्च असावा. असावा असं सवयीने म्हणतो. पाकिटावरचा शिक्का मी इतक्यांदा पाहिला आहे की तारीख मला पाठ आहे.

"काय म्हणतोय?" गसने विचारलं.

"सारवेनच्या पुलावरच्या कंपनीबद्दल आहे. सैन्यातली इंजिनिअर कंपनी."

"मोठी हवी असेल."

"तसं नाही म्हणत."

"सुरुवातीला कुणीच तसं म्हणत नाही, लेलंड. तिसऱ्या पानावर म्हणतात." त्याने अर्धं अंडं तोंडात टाकलं. "टाक ड्रॉवरमध्ये."

आमच्याकडे तशा पत्रांसाठी एक ड्रॉवरच होता. त्यावर गसने खडूने 'मोठी हवी' असं लिहून ठेवलं होतं. हेगर्सटाउनच्या रेल्वे फाटकाजवळ बुटांचं जुनं गोदाम भाड्याने घेऊन गस लढायांचे खेळ छापत असे. कागदी नकाशा, त्यावर षटकोनी घरं, दोन फासे आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या. एकेक सोंगटी म्हणजे एकेक तुकडी. आठवडाभर मी काउंटी लायब्ररीत असायचो आणि शनिवारी गसकडे. कुठली तुकडी कुठल्या दिवशी कुठे होती, किती दमाची होती, हे शोधून सोंगटीवर आकडा घालायचा, हे माझं काम. ज्या माणसाला दुकानात बुटांचा नंबर सांगतानाही संकोच वाटतो, त्याने पलटणींची किंमत ठरवायची. मला तेव्हाही ते विचित्र वाटायचं.

लढलेल्या माणसांची पत्रं यायची, आणि ज्याला त्याला आपली सोंगटी मोठी हवी असायची. चाराची पाच करा, पाचाची सहा करा. सॅटर्ली यांचं पत्र मात्र एकच पान होतं. टाईप केलेलं, एकही खाडाखोड नसलेलं.

"महोदय," त्यांनी लिहिलं होतं, "नाताळात लेकीने मला तुमचा खेळ भेट दिला. खोक्यात आमची कंपनी निघाली तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पस्तीस वर्षांत आमचं नाव कुठे छापलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. जेवणं झाल्यावर जावई जर्मनांकडून खेळायला बसला आणि मी आपल्याकडून. दुसऱ्या पाळीत त्याने फासे टाकले आणि आमची सोंगटी उचलून खोक्याच्या झाकणात ठेवली. मी म्हणालो, उचलू नकोस, उलटी कर, बाकीच्या करतोस तशी. तो म्हणाला, बाबा, हिची पाठ कोरी आहे.

"सोमवारी सकाळपासून बुधवारी रात्रीपर्यंत आम्ही पुलाजवळच्या लाकडाच्या गिरणीत होतो. मी कंपनीचा कारकून. त्या तीन दिवसांचे तिन्ही अहवाल मी टाईप केले. बुधवारी रात्री लेफ्टनंट डन्फींनी सगळे कागद जाळायला सांगितले आणि गिरणीतल्या शेगडीत ते मीच जाळले. तुम्हाला कागद सापडले नसतील तर तो दोष माझा आहे, कंपनीचा नाही. गुरुवारी हजेरीला आम्ही एकोणीस होतो. बाकीचे पळाले नाहीत. त्यांतले बरेच अजून तिथेच आहेत.

"आकडा वाढवा असं मी म्हणत नाही. दोन बरोबर आहे. आमच्याकडे तोफा नव्हत्या. पाठ कोरी का, एवढंच विचारायचं होतं."

खाली सही आणि ओहायोतल्या बेलेअर गावचा पत्ता.

पाठ कोरी का, हे सांगायला हवं. आमच्या खेळात बहुतेक सोंगट्यांना दोन बाजू असायच्या. पुढे पूर्ण ताकदीचा आकडा, मागे मार खाल्ल्यानंतरचा. पहिला फटका बसला की सोंगटी उलटी करायची. तुकडी खचली, तरी नकाशावर उभी आहे असा त्याचा अर्थ. ज्या तुकड्या पहिल्याच हल्ल्यात मोडल्या, त्यांची पाठ मी कोरी ठेवत असे. त्यांना उलटं करायचं नाही, सरळ उचलायचं.

आणि ही कंपनी मोडली हे मला कुठून कळलं? वॉशिंग्टनजवळच्या दप्तरखान्यात मी त्या कंपनीच्या कागदांचं खोकं पाहिलं होतं. रविवार, सतरा डिसेंबर चव्वेचाळीसचा अहवाल होता. हजर, एकशे बेचाळीस. त्यानंतर एकदम गुरुवार, एकवीस. हजर, एकोणीस. मधले तीन दिवस नव्हते. जी तुकडी तीन दिवस कागदच पाठवत नाही आणि मग एकोणीस माणसं घेऊन मागच्या गावात उगवते, ती फुटली असणार, असा मी अंदाज केला. दप्तरखाना साडेचारला बंद व्हायचा आणि मला बस गाठायची होती. खेळाबरोबरच्या माहितीपुस्तिकेत मी लिहिलं, 'ही कंपनी बहुधा पहिल्याच हल्ल्यात मोडली.'

गसने प्रुफावर 'बहुधा' खोडलं.

"राहू दे की," मी म्हणालो होतो.

"अरे, बहुधा म्हणणारा खेळ विकत कोण घेणार? गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की आपण तिथे उभे होतो."

"मी नव्हतो उभा."

"मीही नव्हतो. पण आपण तसं छापत नाही."

तो हसला आणि मीही हसलो. वाद घालणं मला कधी जमलं नाही.

सॅटर्लींचं पत्र मी 'मोठी हवी'च्या ड्रॉवरमध्ये टाकलं नाही, एवढं मात्र केलं. घरी नेलं. उत्तर लिहायला बसलो. पण लिहिणार काय? आधी त्यांचं म्हणणं खरं आहे याचा कागद तर हवा. तो मिळाला की पुराव्यासकट उत्तर लिहू, आणि पुढच्या आवृत्तीत पाठ छापून घेऊ. असं ठरवलं की मला बरं वाटायचं. मी दप्तरखान्यात पुन्हा गेलो. सतरा आणि मग एकवीस. वरच्या बटालियनचं दप्तर पाहिलं. त्यात त्या तीन दिवसांत 'संपर्क नाही' एवढंच. लेफ्टनंट डन्फींचा शोध घेतला. ते त्याच गुरुवारी पहाटे वारले होते. पत्राचे मसुदे मी अकरा केले. प्रत्येक मसुदा 'आपल्या पत्राबद्दल आभार. शोध चालू आहे' इथे येऊन थांबायचा, आणि शोध चालू असताना उत्तर पाठवणं मला अपुरं वाटायचं.

वर्ष गेलं की उत्तर पाठवणं अवघड होतं. दोन वर्षं गेली की उशिराचं कारणही सांगावं लागतं. पाच वर्षांनी तर माणूस पाकीट पाहूनच दुसऱ्या खोलीत जातो.

सत्त्याऐंशीत गसने दुसरी आवृत्ती काढायची ठरवली. मी हिंमत करून सारवेनच्या सोंगटीची पाठ छापलेली एक हातची प्रत केली. पुढे दोन, मागे एक. गोदामात मोठ्या टेबलावर चाचणीचा डाव मांडला. जर्मनांकडून हॅल नुस. तो दाताचा डॉक्टर, पण शनिवारी फक्त आमच्याकडे यायचा. समोर गस. तिसऱ्या पाळीतही सारवेनचा पूल पडेना. हॅलचे रणगाडे मागे रांगेत उभे.

"हे काय आहे?" हॅल म्हणाला. "इंजिनिअरांची एक कंपनी? हे लोक करवती घेऊन बसलेत तिथे, आणि माझी अख्खी डिव्हिजन बघत बसलीय?"

"तीन दिवस होते ते," मी म्हणालो.

"मग मी हरलो की! मी अजून सँडविचचा कागदसुद्धा सोडला नाही, लेलंड. मंडळी डाव मांडायला तास घालवणार आणि चाळीस मिनिटांत संपणार?"

गसने सोंगटी उचलून उलटसुलट केली. "ही पाठ कुठून आली?"

त्या क्षणी मी पत्राबद्दल सांगायला हवं होतं. पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं. मुद्दाम आणलं होतं.

"मला एक शंका आहे," मी म्हणालो.

"शंका? कागद आहे?"

"कागद नाही."

"मग काय, लेलंड! तूच लिहिलंस ना खेळांच्या मासिकात? 'आठवण म्हणजे पुरावा नव्हे. दोन कागद असल्याशिवाय सोंगटीला हात लावायचा नाही.' मी तर ते पाठ केलंय." तो चिडला नव्हता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शिवाय खेळ मरतो. दोन्ही बाजूंना जिंकायची आशा पाहिजे ना रे?"

मी म्हणालो, बरं.

त्या डिसेंबरात बेलेअरहून नाताळचं कार्ड आलं. घंटा, लाल फीत, आत छापील शुभेच्छा. खाली टाईप केलेल्या दोन ओळी. "नवी आवृत्ती पाहिली. पाठ अजून कोरीच आहे. तुम्हाला आणि तुमच्या कुटुंबाला नवं वर्ष सुखाचं जावो." त्यात टोमणा असेल का, हे मी पुष्कळदा शोधलं. मला सापडला नाही. टोमणा असता तर सोपं झालं असतं.

त्यानंतर त्यांचं काही आलं नाही. गस गेला, गोदाम विकलं, मी निवृत्त झालो. थोरली बहीण व्हर्ना नवऱ्यामागे माझ्याकडे राहायला आली आणि स्वयंपाकघराची सत्ता तिने पहिल्या आठवड्यातच घेतली. आणि दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात कॉरिन योडर नावाची बाई आमच्या दारात उभी राहिली.

कॉरिन पन्नाशीची होती. पूर्वी सरकारी खात्यात नकाशे काढायची. तिने आणि आणखी तिघांनी मिळून आमच्या त्या खेळाचे हक्क घेतले होते आणि नवी आवृत्ती काढायला घेतली होती. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोंगट्यांचं छापील प्रूफ पसरलं. व्हर्नाने बीटचं लोणचं बाजूला सरकवलं.

"मिस्टर हॉस्टेटर, खोक्यावर काय छापतोय पाहा. 'प्रत्येक तुकडी नव्याने तपासलेली.' चार वर्षं लागली आम्हाला. एकसष्ट सोंगट्या बदलल्या."

"बापरे," व्हर्ना म्हणाली. "म्हणजे आमच्या लेलंडने एकसष्ट चुका केल्या होत्या?"

"अहो, तसं नाही! तेव्हा अर्धी दप्तरं उघडलीसुद्धा नव्हती. त्यांनी एकट्याने जे केलं ते..."

"कौतुक नको करू गं. तो लाजला की जेवत नाही."

मी बशीकडे बघत होतो. पण त्यांचं काम उत्तम होतं. ज्या तुकडीला मी रणगाडे दिले होते, तिच्याकडे त्या आठवड्यात एकही चालू रणगाडा नव्हता, हे त्यांनी दुरुस्तीखात्याच्या पावत्यांवरून काढलं होतं. एक जर्मन बटालियन मी दोनदा मोजली होती. मी एकेक रांग पाहत सारवेनपर्यंत आलो. पुढे दोन. प्रूफ उलटलं. मागे कोरं.

"ही?" मी विचारलं.

"ती बदलावी नाही लागली. आधार भक्कम आहेत, तीन आहेत." तिने वही उघडली. "एक, या लढाईवरचं एका कर्नलचं त्र्याण्णव सालचं जाडं पुस्तक. 'कंपनी पहिल्याच हल्ल्यात मोडली.' दोन, इंजिनिअरांच्या इतिहासाची वेबसाइट, तेच शब्द. आणि तिसरी तुमची पुस्तिका, अर्थात."

"कर्नलच्या पुस्तकात तळटीप असेल."

"आहे ना. मी पानाची प्रत आणलीय." तिने कागद काढला, बोट खाली नेलं, आणि ते बोट तिथेच थांबलं. तळटिपेत आमच्या पुस्तिकेचं नाव होतं.

"आणि वेबसाइट?" मी विचारलं.

"वेबसाइटवाल्यांनी कर्नलचं नाव दिलंय." ती हळूच म्हणाली. "म्हणजे तिन्ही तुम्हीच."

"तिन्ही मीच."

"मग तुमचा आधार काय होता?"

"नव्हता. तीन दिवसांचे कागद नव्हते. मी बहुधा म्हटलं होतं. ते छापलं गेलं नाही."

व्हर्ना सिंकपाशी होती. तिने नळ बंद केला.

मी आत जाऊन पत्र आणलं. सत्तावीस वर्षांत ते मी कुणाला दाखवलं नव्हतं. कॉरिनने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तिने चष्मा काढून डोळे दाबले, आणि मला वाटलं, झालं. आता होईल.

"मिस्टर हॉस्टेटर," ती म्हणाली, "रागावू नका. मला यांचं खरं वाटतंय. शंभर टक्के. पण हे एका माणसाचं म्हणणं आहे, तेही पस्तीस वर्षांनी, आणि स्वतःच्या कंपनीबद्दल. अशी पत्रं आम्हाला आठवड्याला दोन येतात. सगळी बाजूला ठेवतो. तुमचा नियम आहे तो. दोन कागद. भिंतीवर लावलाय आम्ही."

"पण कोरी ठेवायलाही कागद नाही."

"तेव्हा नव्हता. आता आहे. कर्नलचं पुस्तक आहे."

"ते चुकीचं आहे."

"चुकीचं आहे हे दाखवणारं काही?"

"मी सांगतोय की. मी तो अंदाज केला होता. घाईत. मला बस गाठायची होती."

तिने वही मिटली. मग म्हणाली, "तुम्ही अठ्ठ्याहत्तर सालच्या पुस्तिकेतही सांगितलंच होतं ना."

ती हे दुष्टपणे म्हणाली नाही. उलट म्हटल्यावर तिचाच चेहरा पडला. तेव्हा माझ्या शब्दाला किंमत नसायला हवी होती आणि ती मिळाली. आता असायला हवी होती.

"मी बाकीच्यांपुढे ठेवते," जाताना ती म्हणाली. "जीव तोडून सांगते. शुक्रवारी छपाईला जातंय. पत्राची प्रत नेऊ?"

मी हो म्हटलं. तिने प्रूफ गुंडाळताना सारवेनच्या बाजूवर हात आला तेव्हा जरा जपून गुंडाळलं, असं मला वाटलं. कदाचित उगाचच वाटलं.

दार लागल्यावर व्हर्ना हात पुसत माझ्यासमोर बसली.

"सत्तावीस वर्षं?"

"कागद शोधत होतो."

"गप रे. त्या माणसाला कळवलंस का, की शोधतोय?"

"अपुरं उत्तर कसं..."

"कार्ड पाठवलं त्याने तुला. नाताळचं! कुटुंबाला म्हणून! म्हणजे मलासुद्धा. आणि मला पत्ता नाही." ती खरोखरच रागावली होती. "फोन लाव आत्ता."

"काय बोलू?"

"हॅलो म्हण. तिथून सुरू करतात माणसं."

मी फोन लावला नाही. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन बेलेअरचं टेलिफोनचं पुस्तक पाहिलं. सॅटर्ली नावाचे तिघे होते. ओरिन कुणीच नव्हता. पुस्तकात नाव नसण्याची दहा कारणं असतात, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. कागद नाही म्हणजे माणूस नाही असं होत नाही. मी पुस्तक फडताळात ठेवलं आणि घरी आलो.

शुक्रवारी दुपारी कॉरिनचा फोन आला. व्हर्नाने तो उचलून माझ्या हातात दिला आणि मी पळून जाऊ नये म्हणून शेजारी उभी राहिली.

"तीन विरुद्ध एक," कॉरिन म्हणाली. "एक मी होते."

"बरं."

"ते वाईट लोक नाहीत, मिस्टर हॉस्टेटर. म्हणाले, आज या पत्रावर बदललं तर उद्या कुठल्या पत्राला नाही म्हणणार? आणि खेळून पाहिलं आम्ही काल, पाठ छापून. जर्मनांना काही उरतच नाही."

"हो. हॅलचंही तसंच झालं होतं."

"कोण हॅल?"

"काही नाही."

"पुस्तिकेत एक ओळ टाकू का? की याबद्दल एक वेगळी आठवणही आहे म्हणून?"

"टाका," मी म्हणालो.

"जागा उरली तर नक्की टाकते."

फोन ठेवल्यावर मी तिथेच उभा राहिलो. निकाल व्हर्नाला सांगावा लागला नाही. माझा चेहरा तिला अठ्ठ्याहत्तर वर्षांपासून वाचता येतो.

"आता काय कळवू त्यांना?" मी म्हणालो. "पाठ अजूनही कोरीच राहणार. तीन आवृत्त्या झाल्या. माझ्या हातात काहीच नाही गं."

"बघू ते पत्र."

तिने ते खिडकीशी नेऊन वाचलं. ती हळू वाचते, ओठ हलवत. शेवटच्या ओळीशी आली आणि परत मागे गेली.

"लेलंड, याने तुझ्याकडे पाठ कुठे मागितलीय?"

"म्हणजे?"

"मला तुमचं ते आकड्यांचं कळत नाही. पण इथे लिहिलंय, कोरी का, एवढंच विचारायचं होतं. विचारलंय त्याने. बदलून दे कुठे म्हणालाय?" तिने पत्र टेबलावर ठेवलं. "आणि का, ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? त्या कर्नलला माहीत आहे? त्याला वाटतंय कागद त्याने जाळले म्हणून सगळं झालं. इतकी वर्षं तो स्वतःला दोष देत बसला असेल, आणि तू इकडे पुरावे शोधतोयस!"

मी टेबलापाशी बसलो. बारावा मसुदा म्हणता येईल, पण मसुदा केला नाही. टाईपही केलं नाही.

"श्री. सॅटर्ली यांस. तुमचं दहा मार्च १९७९चं पत्र आणि सत्त्याऐंशीचं कार्ड मला मिळालं. पाठ कोरी का, असं तुम्ही विचारलं होतं. ती मी कोरी ठेवली. मला तीन दिवसांचे कागद सापडले नाहीत, आणि कागद नाहीत म्हणजे कंपनी पळाली असं मी ठरवलं. माझ्याकडे दुसरा काहीही आधार नव्हता. त्या दिवशी मी घाईत होतो. तुम्ही अहवाल जाळले तो तुम्हाला मिळालेला हुकूम होता. माझा अंदाज मला कुणी करायला सांगितलेला नव्हता. दोष तुमचा नाही. तुमचं पत्र मिळालं त्या दिवसापासून मला ते खरं वाटत आलं आहे, आणि ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दुरुस्ती व्हावी म्हणून मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पुरेसा केला नाही. आता निघणाऱ्या आवृत्तीतही पाठ कोरीच असेल. ती चूक आहे. तुमच्या लेकीला आणि जावयाला हे पत्र दाखवावं, अशी विनंती. लेलंड हॉस्टेटर."

एकच पान झालं. क्षमा मागणारी एक ओळ मी शेवटी लिहिली आणि खोडली. मग खोडलेलं दिसतंय म्हणून सबंध पान पुन्हा लिहिलं, आणि या वेळी ती ओळ ठेवली.

शनिवारी सकाळी मी पोस्टात गेलो. माझ्यापुढे एक बाई लोकरी मोजे पाठवत होती. माझी पाळी आल्यावर खिडकीतल्या मुलीने पाकीट हातात घेऊन पत्ता पाहिला.

"ओहायो. घाईचं आहे का?"

"नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "हो. म्हणजे तसं नाही."

ती हसली. "साधं टाकलं तर मंगळवारी पोचेल. जास्तीत जास्त बुधवार."

"आणि तिथे कुणी नसेल तर?"

"तर परत येईल ना तुमच्याकडे. पाठवणाऱ्याचा पत्ता घातलाय की तुम्ही."

घातला होता. तिने तिकीट लावून पाकीट मागच्या टोपलीत टाकायला हात केला. मी म्हणालो, "नको, मीच टाकतो," आणि ते तिच्याकडून परत घेतलं. का घेतलं, सांगता येणार नाही. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

बाहेर फुटपाथवर टपालाची निळी पेटी होती. तिची झडप जड आहे. एका हाताने धरावी लागते. मी पाकीट आत सोडलं आणि झडप सोडून दिली. तिचा आवाज झाला. मग पत्र नीट खाली पडलं की मध्येच अडकलं, ते पाहण्यासाठी मी झडप पुन्हा उघडली. आत काही दिसलं नाही. मागे एक गृहस्थ हातात विजेचं बिल घेऊन उभे होते.

"झालं का तुमचं, आजोबा?" त्यांनी विचारलं.

मी बाजूला झालो.